स्वतःलाच साभार परत

सरांनी स्वतःच्याच लेखाला पाठवलेलं पहिलं नकारपत्र मी माझ्या हातानं नांदेडच्या मोठ्या पोस्टात नेऊन रजिस्टर केलं. पाठवणार संपादक, घेणार लेखक. दोघांचं नाव एक, आडनाव एक, घर नंबरही एक. खिडकीतल्या बाईंनी पाकीट दोनदा उलटसुलट करून पाहिलं.

"मॅडम, हे ज्याचं त्यालाच चाललंय."

"हो."

"मग हातात देऊन टाका की. खामखा तिकीट कशाला लावून राहिल्या?"

"पोच लागते," मी म्हटलं. पोच लागते म्हटलं की सरकारी माणसाला पुढचं काही सांगावं लागत नाही. बाईंनी शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोस्टमन ते पाकीट घेऊन सरांच्या दारात आला. सरांनी सही केली, पाकीट फोडलं आणि उभ्या उभ्या वाचलं. 'लेखकाला विषयाची जाण नाही. भाषा पाल्हाळिक असून मुद्दा एकही नाही. लेखकाने यापुढे मंडळाचा वेळ घेऊ नये.' हे सगळं त्यांनीच परवा लिहिलं होतं. तरी त्यांचा चेहरा उतरला. पानावर बसले नाहीत, खिडकीशी जाऊन उभे राहिले. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, आधी जेवून घ्या. संपादकाला मी मग बोलते."

हे सगळं वेड्यासारखं वाटेल. मलाही तेव्हा वाटलंच होतं. पण त्या घरात शहाणपणानं वागणाऱ्या काकू एकट्याच, आणि त्यांना कोणी विचारत नसे.

सरांनी मला नांदेडला मेडिसिन शिकवलं. पुढं मी लातूरच्या एका मेडिकल कॉलेजात सहायक प्राध्यापक झाले आणि सर निवृत्त झाले. निवृत्तीनंतर लोक बाग करतात, नातवंडांना शाळेत सोडतात. सर एक वैद्यकीय त्रैमासिक काढत होते. नोकरीत होते तेव्हापासून काढत होते, निवृत्तीनंतर त्याचं ऑफिस घराच्या पुढच्या खोलीत आलं एवढाच फरक. एक शनिवार आड, आणि कॉलेजला सुट्टी असली की मधल्या वारीही, मी लातूरहून एसटीनं नांदेडला जायची आणि सहसंपादक म्हणून बसायची. तिसरे मुनीरभाई. ते कॉम्प्युटरवर अंक लावायचे आणि सरांच्या कुठल्याही वागण्याचं आश्चर्य करायचं त्यांनी फार वर्षांपूर्वी सोडून दिलं होतं.

अंकात पुढं चार मोठे लेख असायचे, इंग्रजीत. मागं आठ पानं मराठीत, त्यांना आम्ही तालुक्याची पानं म्हणायचो. किनवट, मुदखेड, अहमदपूर, कुठल्या कुठल्या आरोग्य केंद्रांतले डॉक्टर पोस्टकार्डावर किंवा मोबाइलवर लिहून पाठवायचे: काय दिसलं, काय केलं, काय झालं. बिब्बा उतलेला माणूस, मोगली एरंडाच्या बिया खाल्लेली वर्गभर पोरं, बैलाचं शिंग लागलेलं पोट. खरं सांगायचं तर वाचणारे सगळे मागूनच अंक उघडायचे. पुढचे चार लेख लिहिणाऱ्यांनी वाचले तरी पुष्कळ.

लेख निवडायची सरांची रीत कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. ते उभे राहून मोठ्यानं लेख वाचत आणि वाचताना उजव्या हाताची बोटं स्वतःच्या डाव्या मनगटावर ठेवत. मध्येच थांबून म्हणत, "इथं नाडी साठावर आली, बाई. हा परिच्छेद काढा." एकदा पुण्याकडच्या कुणा मोठ्या डॉक्टरांचा लेख आला होता. सर तो खुर्चीत बसून वाचू लागले, कारण, म्हणाले, "ह्याला उभं राहून वाचणं धोक्याचं हाय."

आणि लेख संपला की एकच प्रश्न. "पेशंटचं पुढं काय झालं?" लिहिणाऱ्यानं लिहिलेलं असायचं, पेशंटला सुट्टी देण्यात आली. सर म्हणत, "सुट्टी म्हणजे शाळा सुटली का? घरी जाऊन काय झालं? चालतो का? जेवतो का?" मग लेखकाला पत्र जाई. जोवर उत्तर येत नाही तोवर लेख लोखंडी ट्रंकेत. ट्रंकेवर खडूनं लिहिलेलं होतं, 'अपूर्ण'. त्यात कित्येक लेख वर्षानुवर्षं पडून होते. लिहिणारे बदलून गेले, निवृत्त झाले, एक तर वारले. सरांच्या लेखी ते सगळे अजून उत्तर पाठवणार होते.

माझ्या लेखाचंही त्यांनी हेच केलं. मी बाळंतपणानंतरच्या रक्तक्षयाची पाहणी केली होती, मोठा तक्ता, टक्केवाऱ्या, सगळं शिस्तीत. सरांनी तक्त्यावर डोळे मिटून बोट ठेवलं. "ही सदतीस नंबरची बाई. कोण हाय ही?"

"सर, ती... नमुन्यातली आहे."

"नमुन्यातली असंल. घर कुठं हाय तिचं?"

मला कुठून मालूम असणार? फॉर्म इंटर्न पोरांनी भरले होते. चडफडत अहमदपूरला गेले, मोंढ्याजवळ तिचं घर शोधून काढलं. ठणठणीत होती. निघताना म्हणाली, "तुमचे डॉक्टर पोट्टे दोनदा येऊन गेले, एकदा माहेरच्या नावानं लिहून नेलं, एकदा सासरच्या." म्हणजे सदतीस आणि बावन्न एकच बाई. मी शरमेनं मेले. सर मात्र इतके खूश झाले की काकूंना हाक मारून सांगितलं, "अहो, ही बाई दोनदा बरी झाली!" मग मी सगळे फॉर्म घरोघर जाऊन पुन्हा तपासले आणि लेख घेतला गेला. इतक्या खऱ्या आकड्यांचा लेख मी पुढं कधी लिहिला नाही.

तर असं सगळं बरं चाललेलं असताना दिल्लीहून यादी आली.

देशातल्या वैद्यकीय नियतकालिकांना अ, ब, क असे दर्जे देऊन ती यादी केलेली होती आणि आम्ही 'ब'मध्ये होतो. कसे, हे आम्हाला कळलं नाही, बहुधा त्यांनाही नसावं. पण कॉलेजातल्या मास्तरांची बढती आता त्या यादीवर ठरणार होती. यादीतल्या नियतकालिकात लेख असेल तर मुलाखतीला बोलावणं, नसेल तर बसा आहात तिथंच. महिन्याभरात सरांच्या दारात चपलांचा ढीग पडायला लागला. ज्या प्राध्यापकांनी आमचा अंक कधी प्लास्टिकच्या वेष्टणातून काढला नव्हता ते पेढे घेऊन आले. हिंगोलीहून एक जण केसर आंब्यांची पेटी घेऊन आला. सरांनी त्याला विचारलं, "ह्यातला पेशंट कोणता?"

वर्षाअखेरीला दिल्लीचा फॉर्म आला. त्यात एक प्रश्न होता: वर्षभरात किती लेख नाकारले? सरांनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'एकही नाही. जे अपुरे आहेत ते पूर्ण होण्याची वाट पाहत आहोत.' दिल्लीनं कळवलं की नकार नाही म्हणजे निवड नाही आणि निवड नाही म्हणजे दर्जा नाही. दर चार छापलेल्या लेखांमागं एक तरी नाकारलेला हवा, लेखी, पोचपावतीसकट. शिवाय संपादक मंडळात परराज्यांतले लोक हवेत. पुढच्या फॉर्ममध्ये हे दिसलं नाही तर यादीतून नाव काढू.

परराज्याचं सरांनी एका रविवारात उरकलं. देगलूरच्या बसमध्ये बसले, हद्दीपलीकडं उतरून एका तेलुगू डॉक्टरांना सदस्य केलं. परतीच्या वाटेवर वाकडं करून कर्नाटकातल्या एकांना. त्या बिचाऱ्यांनी विचारलं, काम काय करायचं? सर म्हणाले, "काम काहीच न्हाई. तुम्ही फक्त हितंच राहायचं."

नकाराचं मात्र जमेना. वर्षाला सोळा लेख, म्हणजे चार नकार. मी म्हटलं, "सर, ट्रंकेतले चार काढा आणि पाठवून द्या साभार परत."

"ते अपूर्ण हायत, बाई. वाईट न्हाईत."

"मग त्या आंबेवाल्याचा."

"त्याच्या बायकोचं ऑपरेशन हाय. आत्ता त्याला नाही म्हणणं बरं दिसतं का?"

आणि दोन दिवसांनी फोनवर म्हणाले, "जमलं. मीच लिहितो वाईट लेख. नाकारायला आपला माणूस बरा."

तो पहिला लेख, ज्याचं पाकीट मी पोस्टात नेलं, त्याचं इंग्रजी नाव मराठीत सांगायचं तर, 'एसटीत दरवाजाजवळ बसणाऱ्या रुग्णांचा स्वभाव'. दुसरा, 'उन्हाळा आणि डॉक्टरांचे अक्षर'. सरांना वाटलं होतं वाईट लिहिणं सोपं असेल. पण आयुष्यभराची खोड जाते कुठं? दुसऱ्या लेखासाठी ते खरोखर मे महिन्यातल्या चिठ्ठ्या गोळा करून बसले. दुसऱ्या नकारपत्रावर रागावून त्यांनी समासात पेन्सिलीनं लिहिलं, 'संपादकांनी लेख वाचलेला दिसत नाही.' तिसऱ्यानंतर तर दोन दिवस संपादकाच्या खुर्चीत बसलेच नाहीत, बाकावर बसून काम केलं. मुनीरभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, सर खुद को ही नापास करून राहिले, आणि वरून रडून भी राहिले. कुछ तो करा."

मी काही केलं नाही. तीन नकार झाले होते, चौथा झाला की फॉर्म जाणार होता, आणि फॉर्म गेला की फेब्रुवारीतल्या माझ्या मुलाखतीत तो रक्तक्षयाचा लेख धरला जाणार होता. दोनदा माझी बढती हुकली होती. माझ्या मागून आलेले माझ्या वरच्या जागी जाऊन बसले होते. तेव्हा सर बाकावर बसोत नाहीतर जमिनीवर, मला चौथं पाकीट हवं होतं.

चौथा लेख सरांनी मराठीत लिहिला. पहिल्यांदाच. मी गेले तेव्हा मुनीरभाईंनी तो लावून ठेवला होता आणि ते कॉम्प्युटरकडं पाठ करून बसले होते. दोन पानं होती.

सर तेव्हा नवे डॉक्टर होते, नांदेडच्या दवाखान्यात सकाळच्या ड्यूटीवर. किनवटकडच्या एका आश्रमशाळेतली दहाएक वर्षांची मुलगी पहिल्या गाडीनं आणलेली. पोटात दुखतं म्हणत होती. सरांनी पोट तपासलं, काही सापडलं नाही. दुखण्याचं इंजेक्शन दिलं. मुलगी म्हणाली, डोळे उघडत नाहीत. सरांना वाटलं, पहाटेपासून जागी आहे, झोप आली असेल. रजिस्टरात लिहिलं 'पोटदुखी' आणि घरी पाठवलं. परतीची गाडी मुदखेडला बदलायची होती. तिथं फलाटावर वाट बघता बघता तिचा श्वास थांबला. मण्यार चावली होती. ती रात्री चावते, दातांची खूण दिसत नाही, सूज येत नाही, आधी पोट दुखतं आणि मग पापण्या पडतात. मुलगी वसतिगृहात जमिनीवर झोपत होती. हे सरांनी विचारलं नव्हतं. मुलीचं पुढं काय झालं हे त्यांना चार महिन्यांनी कळलं, तेही शाळेचा शिपाई दुसऱ्या कुणाला घेऊन आला म्हणून. लेखात शेवटी एवढंच लिहिलं होतं: पहाटे पोट दुखतं म्हणून आलेल्या, जमिनीवर झोपणाऱ्या माणसाच्या पापण्या बघा. बघितल्याशिवाय घरी पाठवू नका.

मी वाचत होते आणि माझं लक्ष माझ्या मनगटाकडं गेलं. नाडी धाडधाड उडत होती.

"सर, हा वाईट नाही."

"न्हाई. वाईट लिहायला बसलो होतो, हेच आलं. आता माझ्याजवळ दुसरं काही उरलं न्हाई." मग म्हणाले, "लेखक अपील करून राहिला, बाई. त्याचं म्हणणं हाय की हा छापा."

आणि अपील झालं. तीन खुर्च्या मांडल्या. सर आधी लेखकाच्या खुर्चीत बसले आणि हात जोडून म्हणाले, हा लेख तालुक्यातल्या पोरांनी वाचावा एवढीच माझी दरखास्त आहे. मग उठून संपादकाच्या खुर्चीत गेले आणि म्हणाले, तुमचा लेख छापला तर नकार तीनच राहतात, यादीतून नाव जातं, वर्षभर ज्यांनी विश्वासानं लेख दिले त्यांच्या बढत्या जातात. पुन्हा उठले. "मागच्या पानांत घ्या." पुन्हा पलीकडं. "मागं छापला तरी छापलाच. नाकारलेला कसा म्हणायचा?" चौथ्या फेरीला त्यांना दम लागला. काकू दारात येऊन उभ्या होत्या. हसण्यासारखं होतं, पण कोणी हसलं नाही.

शेवटी सर दोन्ही खुर्च्या सोडून भिंतीला टेकले. "मी दोन्ही बाजूंनी पक्षकार हाय. माझा निकाल चालत न्हाई. अपील समिती तुम्ही, बाई. तुम्ही सांगाल तसं."

एक तिसरा रस्ता होता. माझा लेख घेतला होता, पण वर्षाच्या शेवटच्या अंकासाठी ठेवलेला, अजून छापून व्हायचा होता. तो नाकारला की चार नकार पुरे, सरांचा लेख अंकात आणि त्रैमासिक यादीत. सगळ्यांचं भलं, फक्त माझी बढती जाणार. हा रस्ता मला त्याच क्षणी दिसला होता. दिसला नव्हता असं मी आजवर पुष्कळांना सांगितलंय, इथं सांगणार नाही. सरांनाही दिसला असणार, इतके ते भोळे नव्हते. काकूंना तर नक्कीच दिसला, कारण त्या माझ्याकडंच बघत होत्या. पण कोणी तो बोलून दाखवला नाही. मी वाट बघत राहिले की सर म्हणतील. सर म्हणाले असते तर मी नाही म्हणू शकले नसते. म्हणूनच ते म्हणाले नाहीत.

"अपील फेटाळलं," मी म्हटलं.

त्रैमासिक यादीत राहिलं. फेब्रुवारीत मुलाखत झाली आणि मी सहयोगी प्राध्यापक झाले. पुढच्या वर्षी सरांनी संपादकपद सोडलं. आता ते एका कॉलेजातून निघतं, कागद गुळगुळीत आहे, दर्जा 'अ' आहे, तालुक्याची पानं बंद झाली. ती संशोधनात मोजत नाहीत. नाकारायला आता चार काय चारशे लेख येतात, सर असते तर बिचाऱ्यांना ट्रंक पुरली नसती. सर जाऊन दोन वर्षं झाली. तो लेख माझ्याकडं आहे. इंटर्नची नवी तुकडी आली की मी तो वाचून दाखवते. दरवेळी कोणीतरी विचारतं, "मॅडम, हा कुठं छापून आलाय?" मी सांगते, कुठंच नाही. मग ते लिहून घ्यायचं थांबतात, कारण परीक्षेत संदर्भ काय द्यायचा?

पण नकारपत्र मला लिहावं लागलं, त्याचं सांगायचं राहिलं. अपील समितीचा निकाल लेखी हवा होता, कारणासह. सरांनी अट घातली की कारण खरं पाहिजे. भाषा पाल्हाळिक असं लिहिता येत नव्हतं, नव्हतीच. विषयाची जाण नाही असंही नाही. मी मुनीरभाईंच्या शेजारी बसून अर्धा तास कागदाकडं बघत होते. मग कॉलेजात आम्ही लेख परत करताना जे लिहितो तेच लिहिलं, एका ओळीत, आणि ते हातात दिलं. सरांनी चष्मा पुसून ते वाचलं. 'रुग्णसंख्या अपुरी असल्याने लेख स्वीकारता येत नाही.'

सर पुन्हा एकदा वाचून खाली सही करायला वाकले.

"बरोबर हाय, बाई," ते म्हणाले. "एकच होती."